परीक्षकाच्या ताटातलं क्रियापद

माझा प्रबंध जर्मन घराण्यातल्या भाषांवर. 'करू शकतो', 'करायला हवं', 'करावंच लागतं' हे त्या भाषा कसं सांगतात आणि शतकानुशतकं हे अर्थ कसे सरकत गेले, यावर. आसगावात धानाच्या बांधावर हे कोणाला समजवायचं? 'पोरगा जर्मनी शिकून राहिला' एवढ्यावर गावाचं समाधान होतं.

घोडं अडलं होतं एका क्रियापदापाशी. इंग्रजी 'मस्ट', डच 'मुटन', जर्मन 'म्युसेन' ही सख्खी भावंडं. आज तिघंही सक्ती करतात. पण जुन्या जर्मनमध्ये म्युसेनचा अर्थ होता 'जागा असणे, मोकळीक असणे'. मोकळिकीची सक्ती झाली कशी? प्रबंधातलं माझं उत्तर जर्मनीहून आलेल्या परीक्षकांना पटलं नव्हतं. तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि हा एक प्रश्न मला बुडवणार, अशी मला धास्ती होती.

त्यात त्यांना धानाचं गाव बघायचं होतं. आणलं घरी.

आईनं भात, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, वडे वाढले. आमच्या घरी पोट भरलं की ताटात चार शितं ठेवायची. कोरं ताट म्हणजे भूक बाकी. त्यांच्याकडे ताट चाटूनपुसून साफ करणं हीच सभ्यता. ते साफ करत, आई भरत असे. मी मध्ये बोलायला गेलो तर आईनं डोळे वटारले.

शेवटी घामाघूम होऊन ते मला म्हणाले, "हे घ्यायलाच हवं का?" मी आईला विचारलं.

"जबरदस्ती कोन करून राहिलं? पोटात जागा हाये का, इचार त्याइले."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडी आहे," म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

"जागा हाये ना? मंग घ्याच लागते!" आणि आईनं मोठा डाव भात ओतला.

मी आईचं बोलणं शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग ते इतके हसले की ठसका लागला.

"उद्या तो प्रश्न मी विचारणार नाही," पाणी पिऊन ते म्हणाले. "उत्तर तुमच्या आईनं वाढलंय."

प्रबंधापायी इतकी वर्षं बसून घासलेली ग्रंथालयातली लाकडाची खुर्ची आठवली आणि माझे डोळे भरून आले. "माय वं, मी पास झालो!"

"बरं झालं," आई म्हणाली. "आता इचार त्याइले, संध्याकाळी काय जेवतेत."