भुताची तालीम

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात कोल्हारला तंबूत सिनेमा पाहताना एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पदराला भाजलेल्या शेंगांचा खरपूस दरवळ होता. पडद्यावरची झपाटलेली शाळकरी मुलगी घुमू लागताच साऱ्या बायकांनी डोळे मिटले. हिने मात्र पलीकडे बसलेल्या आपल्या लेकीची हनुवटी धरली. "कालच्यावानी डोळं मिटू नगं. मान कशी टाकते, नीट बघ."

मी चकित होऊन पाहिले.

"उद्या हिला बघाया पाव्हनं येनार," ती मला म्हणाली. "हिला तर शिकायचंय. हिचा बाप माझं ऐकत न्हाई, पन अंगात आलेल्याचं लगीच ऐकतो."

"आये, लोक मला झपाटलेली म्हनतील," लेक कुजबुजली.

"म्हनू दे. भूत चार दिसांत सोडतं, बये. सासर जलमभर सोडत न्हाई."