चमचाभर मातीतलं हेलेबोर

दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीत, कार्डिफमध्ये, मी माझ्या जिवलग मैत्रिणीच्या बागेत चोरी केली. तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कपाळावर तिनेच लावलेलं कुंकू होतं, आणि हातात तिच्याच डिशमधला स्टीलचा चमचा.

आमच्या दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर. दोघींच्या मागच्या अंगणात तीच चिकट, ओली माती. पण जानेवारी संपता संपता माझ्याकडे नुसता चिखल असायचा आणि तिच्याकडे आधी स्नोड्रॉपची फुलं आणि मग हेलेबोरची. पांढरी, गुलाबी, आणि एक जवळजवळ काळं. हे फूल मान खाली घालून उमलतं. हनुवटीला बोट लावून वर केल्याशिवाय तोंड दाखवत नाही. तिने त्यावरही उपाय शोधला होता. देवाला खुडतो तशी बिनदेठाची फुलं खुडून ती पितळी परातीत पाण्यावर सोडायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण बाजूला ठेवून त्या परातीभोवतीच उभ्या राहायच्या. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला सुपरमार्केटातली शेवंती असायची. तिच्याभोवती कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

माझ्या पोटात दुखायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. तिची पुरणपोळी फुटायची नाही, तिची मुलं वडीलधाऱ्यांशी शुद्ध मराठीत बोलायची, हे सगळं मी पचवलं होतं. पण आमचे हे एकदा तिच्या बागेतून घरी येताना म्हणाले, “काय हात आहे गं तिचा. शिकून घे जरा.” त्या संध्याकाळी मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि त्यांना तीच वाढली.

त्या फेब्रुवारीत खरकटं कंपोस्टमध्ये टाकायच्या निमित्ताने मी तिच्या बागेत गेले. काळ्या हेलेबोरच्या बुडाशी, गळलेल्या बियांची, दोन-दोन पानांची रोपं दाटीने उगवली होती. मागितली असती तर तिने टोपलीभर दिली असती. पण तिच्याकडे मागायचं म्हणजे तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे तोंडाने म्हणायचं. शिवाय आमच्या आईचा ठाम विश्वास होता की चोरून आणलेलं रोप हमखास लागतं. पुण्याच्या आमच्या गॅलरीतला मनी प्लांट तिने भर दुपारी शेजारच्या काकूंच्या कुंडीतून आणला होता, आणि तो छतापर्यंत गेला होता. मी चमच्याने दोन रोपं मातीसकट उचलली, टिश्यूत गुंडाळली आणि पर्समध्ये तिळगुळाशेजारी ठेवली.

एक गोगलगाईंनी खाल्लं. दुसरं मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावलं.

पुढच्या संक्रांतीला तिने वाण काय द्यावं? हेलेबोरची रोपं. दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलेली, प्रत्येक डब्याला हळदीकुंकवाची बोटं. सगळी त्याच काळ्याच्या खालची. ज्यासाठी मी चोर झाले होते, ते तिने पंधरा बायकांना हसत वाटून टाकलं. मला इतका राग आला की तिने दिलेलं रोप मी शेडच्या मागे, कचऱ्याच्या बिनच्या शेजारी लावलं आणि पुन्हा बघितलंही नाही.

तिसऱ्या वर्षी दोन्ही फुलली. बिनशेजारचं मळकट जांभळं आलं, बीट धुतलेल्या पाण्यासारखं. खिडकीखालचं मात्र फिकट पिवळं, आणि आत लालसर ठिपक्यांची बारीक रांगोळी. तसलं तिच्याकडे एकही नव्हतं. मी त्याच दिवशी तिला चहाला बोलावलं.

ती चांगला कोट घातलेला असतानाही ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली. फुलाची हनुवटी वर केली आणि आतल्या ठिपक्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

“हे कुठून आणलंस गं?”

“गार्डन सेंटरमधून. न्यूपोर्टच्या बाजूला एक आहे ना, तिथून.”

“लेबल आहे का?”

“हरवलं.”

“आय हॅव ऑलवेज वॉन्टेड वन लाइक धिस,” ती म्हणाली. “बी पडलं की मला एक रोप देशील?”

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी “देईन की” म्हटलं. त्या दिवशी मला फार छान झोप लागली.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला लंडनजवळच्या स्लाऊला नोकरी मिळाली. मार्चमध्ये ते निघाले. आदल्या दिवशी मी चमचा घेऊन पिवळ्याखाली वाकले. आठ-दहा रोपं होती. ही तिच्या नव्या बागेत लागणार, फोफावणार, आणि तिथल्या बायका तिच्या परातीभोवती उभ्या राहणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी उठले, शेडच्या मागे गेले आणि मळकट जांभळ्याखालचं एक रोप काढलं. दह्याच्या डब्यात लावलं. हळदीकुंकवाची बोटंसुद्धा लावली. तिने तो डबा स्लाऊपर्यंत मांडीवर धरून नेला, असं तिचा नवरा फोनवर सांगत होता.

त्यानंतर तीन वर्षांनी फेब्रुवारीत तिचा फोन आला.

“तुझं रोप फुललं गं.”

“कसं आलंय?”

“साधंच. मळकट जांभळं. तुझ्या पिवळ्यासारखं नाही आलं.” ती हसली. “मधमाश्या काय घोळ घालतील, कोण सांगणार? बी आईवर जाईलच असं नाही ना.”

“मग काढून टाक की.”

“वेडी आहेस का? फ्रंट डोअरशीच लावलंय. बाकीची सगळी मागे आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हे माझ्या कार्डिफच्या मैत्रिणीचं.”

फोन ठेवल्यावर मी खिडकीशी गेले. पिवळ्याला त्या वर्षी वीस-पंचवीस फुलं होती. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर आधी हेवाच वाटला. मळकट फूल मनापासून दारात लावायला जे लागतं, तेही तिच्याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्याखालचं एक रोप कुंडीत काढलं आणि तिला फोन करायचं ठरवलं. सगळं सांगायचं, मग कुंडी घेऊन स्लाऊला जायचं. कुंडी मागच्या पायरीवर ठेवली. त्या रोपाला तिसऱ्या वर्षी फूल आलं. पिवळंच, ठिपक्यांचं.

कुंडी अजून मागच्या पायरीवरच आहे.