राघूंची दोरी

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. सिल्लोडच्या रस्त्यानं शहर जरा मागं पडलं की आमची ज्वारी लागायची. आता तिथं दुकानांच्या रांगा आहेत. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही घर सोडून गेलो होतो, तेव्हा अख्खी सुगी राघूंनी खाल्ली. वडलांनी ते फार मनाला लावून घेतलं. पुढं त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. शहरातल्या हकिमानं उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं, तरी ज्वारी हुरड्यात आली की हा माणूस राखणीच्या माळ्यावर जाऊन बसायचाच.

माळ्यापासून रानभर दोरी ताणलेली, तिला घासलेटचे रिकामे डबे बांधलेले. वडील दोरी ओढायचे, डबे खडखडायचे, राघू उडायचे. आईनं एकाच अटीवर त्यांना जाऊ दिलं.

"मधनंमधनं दोरी वढत जावा. डबं वाजलं नाय तर म्या पळत येईन."

डबे वाजले की ती घरून परातीवर उलथनं हाणायची. म्हणजे, ऐकलं. समोरासमोर बसून त्या दोघांचं एवढं बोलणं कधी होत नसे.

राघू मात्र भारी द्वाड. वडलांचा डोळा लागला की थेट दोरीवरच येऊन बसत. उलटे लटकत, एकमेकांची शेपटी ओढत, डब्यावरून घसरत आणि पुन्हा वर चढत. मला एकदा हसूच आवरेना. वडील दचकून जागे झाले.

"हासू नगं. दोरीला हात हाय तवर एक बी बसत नाय. हात सैल पडला की त्यांना लगीच कळतं," ते म्हणाले. मग हळूच, "डोळा लागतो म्हणून मायला सांगू नगं. घरी बसवील मला."

त्या दिवशी न्याहारीनंतर डबे वाजायला लागले, ते थांबेचनात. आई खुशीत होती. दर खेपेला परातीवर हाणायची.

"आज लई जोर आलाय गं तुझ्या बापाला!"

मी मात्र कान देऊन ऐकत होते. वडील असे घाईघाईनं कधी दोरी ओढत नसत. मी भाकरी देऊन येते म्हणाले, तर आई म्हणाली, "आत्ता? आजून कालवण व्हायचंय." मी भाकरी-कांदा तसाच फडक्यात बांधला आणि पळाले.

वारा अजिबात नव्हता. ज्वारी नुसती उभी होती. डबे वाजतच होते.

बांधाच्या वळणावरून दोरी दिसली. सगळी हिरवीगार. राघू झोके घेत होते, एकमेकांना ढकलत होते. एक तर पार माळ्यापाशी, वडलांच्या हातापासून वीतभर अंतरावर उलटा लटकून डोलत होता. वडील खांबाला टेकून बसले होते. दोरीचा वेढा मनगटावर तसाच होता.

"दादा!" मी वडलांकडं बघून किंचाळले. सगळे राघू एकदम उडाले, डबे मोठ्यानं खडखडले. वडील हलले नाहीत.

मागून, घराकडून, परात वाजली. आईनं ऐकलं होतं.