पलासियाचं गॅरेज आणि मामंजींचे कान

सुरुवातीलाच सांगून टाकते — भूत, करणी, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नाही. पुढे बरीच वर्षं शाळेत सायन्स शिकवलं, आणि मुलींनी असल्या गोष्टी काढल्या की मीच त्यांना गप्प करायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखंच होतंय. जे झालं तेवढं लिहिते...

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. हे सेक्रेटरिएटमध्ये क्लार्क. उन्हाळा आला की सगळं ऑफिस फाइलींसकट इंदूरला यायचं आणि शहरात खोली म्हणून मिळायची नाही. त्यातच मामंजी — माझे सासरे — इंदूरच्या कापड मिलमधून रिटायर झाले आणि मिलचं क्वार्टर सोडावं लागलं. जन्म लूम खात्यात गेलेला. त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. ठार बहिरे. आम्ही त्यांच्याशी खुणांनी बोलायचो. ते मात्र मशीन चालू असल्यासारखे मोठ्यानेच बोलायचे.

शेवटी होळकर दरबारात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी — सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत — इंदूरच्याच पलासिया भागातल्या आपल्या बंगल्याचं गॅरेज आम्हाला राहायला दिलं. मोटार विकून झाली होती. पक्क्या विटांच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, रस्त्याकडे मोटारीचे मोठे लाकडी दरवाजे, बस. खिडकी एकही नाही.

"मागच्या भिंतीत एक दार आणि एक खिडकी काढून घ्या. माझी काही ना नाही," बापूसाहेब म्हणाले.

बाबूखाँ मिस्त्रींना बोलावलं. दार आरामात निघालं, चौकटही बसली. आम्ही सामान आणून राहायलाही लागलो. मग खिडकी. त्या सकाळी हे ऑफिसला गेले होते. रस्त्याची धूळ नको म्हणून मोठे दरवाजे मी आतून लावून घेतले होते. मामंजी त्या दरवाजांच्या बाहेर, निंबाखाली खाट टाकून बसलेले. आत मी स्टोव्हपाशी, आणि छताच्या मधल्या तुळईला बांधलेल्या झोळीत आमचा विनू झोपलेला — अजून रांगतही नव्हता. मिस्त्री मागच्या बाजूने, बाहेरून, छन्नी-हातोड्याने विटा काढत होते. तुळईचं मागचं टोक त्याच भिंतीवर टेकलेलं होतं, म्हणून त्याखाली त्यांनी लाकडाचा टेका दिला होता. झोळी भिंतीपासून चांगली लांब होती. काळजीचं काही कारण दिसत नव्हतं.

एकाएकी मामंजी मागच्या नव्या दारातून आत आले. अनवाणी. अख्ख्या गॅरेजला वळसा घालून आले होते.

"कोण बाई ओरडतेय?"

मी हातानेच 'कोणी नाही' म्हटलं.

"अगं, केव्हाची ओरडतेय! तुला ऐकू येत नाही का?"

हे त्यांनी मला विचारलं... मिस्त्री काम थांबवून दाराशी आले. "क्या हुआ, भाभीजी?"

"कुछ नहीं, चाचा. इनको कुछ वहम हो गया है."

मामंजी भिंतीकडे बघत नव्हते, छताकडेही नाही. झोळीकडे बघत होते. "लेकराला उचल म्हणतेय. कुसुम, उचल त्याला!" म्हणत त्यांनी स्वतःच झोळीत हात घातला. त्यांचे हात कापायचे. पोराला पाडतील या भीतीने मीच विनूला घेतलं, आणि त्यांचं समाधान व्हावं म्हणून मागच्या अंगणात आले. तेही मागोमाग आले.

आम्ही अंगणातल्या विहिरीपर्यंतही पोचलो नसू. टेका सरकला, खिडकीच्या वरची भिंत बसली आणि तुळई कवेलूंसकट खाली आली. धूळ विरल्यावर दिसलं, झोळी तुळईच्या खाली दबली होती. बाबूखाँ मिस्त्री आमच्यामागून अंगणात आले होते. "मैंने तो टेका ठोक के लगाया था, भाभीजी," एवढंच परत परत म्हणत राहिले. मी रडले नाही. विनूला दूध पाजायला बसले, एवढं आठवतं.

ह्यांचं म्हणणं, मामंजींना जमिनीतून हादरे जाणवले असतील. असतीलही. पण हादऱ्यावरून बाई कशी ओळखायची? आणि भिंतीजवळ उभ्या मिस्त्रींना काहीच कसं जाणवलं नाही? बापूसाहेबांना विचारलं, तिथे कधी कोणी बाई राहत होती का... "ती जागा मीच बांधून घेतली. मोटारीशिवाय तिथे कोणी राहिलं नाही," ते म्हणाले. सरकारी दवाखान्यात कान दाखवले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काही उरलेलं नाही.

छत दुरुस्त झालं, खिडकीही झाली, आम्ही तिथेच राहिलो. मामंजी रोज जेवण झालं की त्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. मान जराशी भिंतीकडे कललेली. एकदा मी कानाला हात लावून खुणेनेच विचारलं, काही ऐकू येतंय का?

"नाही गं," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "पण इतक्या वर्षांत तीच एकटी माझ्याशी बोलली. परत बोलली, तर ऐकायला कोणी नको का?"

ते जाईपर्यंत त्यांना दुसरं काही ऐकू आलं नाही. विनूचेही केस आता पांढरे झालेत. ती कोण होती, हे तो मला अजून विचारतो, आणि मी अजून सांगू शकत नाही.