तळ्यातला बर्फ

रोझालिना टीचरनी चौतीस वर्षं सावंतवाडीच्या पोरांना भूगोल शिकवला आणि तेवढीच वर्षं तळ्याकाठच्या बागेत नाताळचा गोठा, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा, मांडला. लग्न केलं नाही. करण्याजोगा कोणी दिसलाच नाही, असं त्या तोंडावर सांगत. गोठ्यातल्या हिरवळीसाठी पंधरा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरायच्या, बागेचा माळी सत्यवान गवत आणून द्यायचा.

यंदा उत्सव समितीचा अध्यक्ष झाला सिडनी, टीचरांचाच जुना विद्यार्थी. देवबागला होमस्टे, गळ्यात बोटभर जाड साखळी आणि डोक्यात, टीचरांच्या मते, निव्वळ भुसा.

"टीचर, गोठो त्या कोपऱ्यात मांडा. मधी बरफ येतलो. लोकांका सेल्फी व्हयी."

"सावंतवाडीत बरफ?"

"थर्मोकोलचो. मुंबयसून मशीन हाडलंय."

"सातवीत भूगोलात नापास झालंस, तेवाच माका कळलेला," टीचर म्हणाल्या आणि गोठा कोपऱ्यात मांडला.

नाताळच्या संध्याकाळी मशीन घुरघुरलं. वारा सुटला आणि पांढरे दाणे लोकांच्या केसांत, केकवर नि सगळ्या तळ्यावर पसरले. लोक आनंदाने किंचाळले. कोणा बाईने आपली पर्स गोठ्यातल्या गाईच्या शिंगाला अडकवली. मग सिडनीने टीचरांना शाल दिली. निवेदिकेने त्यांचं नाव 'रोझमेरी' घेतलं. शाल तिथेच खुर्चीवर ठेवून टीचर घरी गेल्या.

सकाळी गोठा आवरायला आल्या, तर सत्यवान गुडघाभर पाण्यात उभा राहून मच्छरदाणीने दाणे गाळत होता. टीचरनी साडी खोचली आणि उतरल्या. चार पोती भरली, तेव्हा फोटोग्राफर घेऊन सिडनी आला.

"टीचर, ती मच्छरदाणी जरा माका दिया."

"पायरीवरून काय करतंस? पाण्यात उतर. फोटो बरो येतलो."

"बूट भिजतले."

टीचर नुसत्या बघत राहिल्या. वर्गात बघायच्या तशा. फिरायला आलेले लोकही थांबून बघू लागले. सिडनी बुटांसकट उतरला. फोटो निघाला, आणि टीचर सत्यवानाला घेऊन पायरीवर येऊन बसल्या.

"आता उरलेलां काढ. आमी हंयच आसों."

दुपारपर्यंत तो काढत होता.

पेपरात 'अध्यक्षांचे श्रमदान' छापून आलं. टीचरनी बातमी वाचली, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि पुढल्या वर्षीचा गोठा सत्यवानाच्या अंगणात मांडायचं ठरवून टाकलं.