मुलीला अरबीतून सूट

मुसलमानाच्या मुलीला अरबीतून सूट मागणारी आई बहरीनमधल्या आमच्या कोकणी गोतावळ्यात बहुधा मीच पहिली. असू दे. कुणीतरी पहिलं असावंच लागतं.

माझी मुलगी दहा वर्षांची. शाळेत अरबी सक्तीची, आणि तिच्या शुद्धलेखनाची परीक्षा रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी. त्यामुळे शनिवार संध्याकाळपासून ती अरबीची वही लपवून ठेवायची. अक्षर तेच, पण टिंब एक खाली की दोन वर, एवढ्यावर सगळं बदलतं. आणि ती टिंबं तिच्या डोळ्यांपुढे जागेवर राहतच नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी त्याला डिस्लेक्सिया असं नाव दिलं. म्हणाल्या, एक भाषा कमी करा, पोरीला श्वास घेऊ द्या. शाळेचीही ना नव्हती. फक्त अर्जावर आईबाप दोघांच्या सह्या हव्या होत्या. माझी झाली, ह्यांची अडली.

“शुक्रवारी भाईंना विचारू,” हे म्हणाले. भाई म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, इथेच झिंज भागात राहतात. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे फ्रिजसुद्धा बदलत नाही. मी म्हटलं, विचारा.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी तिची वेणी घालत असताना मुलगी आरशात बघत म्हणाली, “अम्मी, आय ॲम जस्ट स्टुपिड.” अगदी सहज, आज मंगळवार आहे म्हणावं तसं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग काढायचा कुणावर ते कळेना, म्हणून तो शुक्रवारपर्यंत जपून ठेवला.

शुक्रवारी नमाजानंतर भाईंच्या घरी जेवणाचं दस्तरखान पसरलं, मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. ह्यांनी चाचरत विषय काढला, तशी माझी थोरली जाऊ वाढता वाढता थांबली. आमच्यात मुलाने कुराण वाचून पूर्ण केलं की जेवण घालतात. तिच्या तिन्ही मुलांच्या जेवणांचं कौतुक ती अजून पुरवून पुरवून सांगते.

“कसा गो,” ती म्हणाली, “लोकं अरबी शिकाया तडफडतात, आनी तुजी पोरगी बहरीनमदी ऱ्हवून सोडनार? उद्या कुरान कसा वाचंल ती?”

मी म्हटलं, “ती कानान शिकते, भाभी. उस्तादांच्या मागून बोलून बोलून कुरानाच्या किती सूरा पाठ हायत तिला. आंधले लोक आख्खा कुरान पाठ करून हाफिज व्हतात ना? त्यांना कोन इचारतो, टिंब कुठं दिलास?”

भाई खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. जाऊ कुठली गप्प बसायला!

“पाठ हाय ना? मग बोलून दाखव गो बाय. आयकू दे सगल्यांना.”

सगळ्यांच्या माना मुलीकडे वळल्या. तिचा घास हातातच राहिला. तिला सूरा येत होत्या, मला पक्कं ठाऊक होतं. तिने एखादी म्हटली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती आणि मी जिंकले असते. पण मग तिची रविवारची परीक्षा शुक्रवारीही सुरू झाली असती, घराघरात, प्रत्येक दस्तरखानावर.

“नाय बोलनार,” मी म्हटलं. “जेवाया आलीय ती. जेव गो बाय.”

खलास. जाऊ त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, अजूनही नीट बोलत नाही. मला त्याचं काडीचंही दुःख नाही. तिच्या हातच्या मटणाची आठवण येते, ते सोडा.

उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या घराकडे निघालो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे म्हणाले, “घरी गेल्यावर तो अर्ज दे, सही करतो.” मी हो म्हटलं. इतक्यात मागच्या सीटवरून मुलीचा आवाज आला. खिडकीबाहेर बघत, हळू पण न अडखळता, ती एक सूरा म्हणत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ह्यांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला.