रोवण्याचा रकाना

ऐंशीच्या दशकात मी चामोर्शीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नवाच डॉक्टर होतो. धान कापताना एका मजूर बाईला विळा लागला आणि तिला धनुर्वात झाला. मीच तिला जीपमधून नागपूरला पोचवलं. तिथे गळ्याला छिद्र पाडून महिनाभर श्वासाच्या मशीनवर ठेवली, तेव्हा कुठे वाचली. तिथल्या माझ्या सरांनी घरी गेलेल्या अशा रुग्णांचं अपंगत्व मोजायला एक तक्ता पाठवला होता. स्वतः जेवते का, आंघोळ करते का, चालते का, जिना चढते का.

रोवणे, म्हणजे धानाची लावणी, सुरू व्हायच्या तोंडावर मी तिच्या गावी गेलो. ती सगळ्याला "हो जी" म्हणाली. गावात जिना नव्हता, म्हणून तिला बांधावर चढायला लावलं. चढली.

"किती मार्क भेटले जी?" नवऱ्यानं विचारलं.

"पैकीच्या पैकी."

"मंग यंदा रोवण्याले येते!" तो हरखून म्हणाला. ती बांधाला हात टेकत खाली उतरली. मला बस गाठायची होती. मी निघालो.

आठवडाभरात तो तिला दवाखान्यात घेऊन आला. रोवताना ती बांधीत, धानाच्या खाचरात, तोंडावर पडली होती. नाकातोंडात चिखल गेला, बायांनी ओढून काढलं.

"दम कोंडला तं मले वाटलं, मी पुन्हा त्या मशीनवरच हाओ," ती म्हणाली. "वाकलं का डोळ्यापुढं अंधारी येते. हात थरथरते. झोप तं नाईच."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठी?"

नवरा खाली मान घालून म्हणाला, "डाक्टरनं पास केली म्हणून मीच नेलं तिले."

मी माझ्याकडच्या तक्त्याच्या प्रतीखाली हातानं लिहिलं: वाकून काम होत नाही, झोप नाही, भीती वाटते. आणि ती प्रत नागपूरला धाडली. सरांचं पत्र आलं. नोंद महत्त्वाची आहे, पण अशा नोंदीला तक्त्यात रकाना नाही. आधीचे गुण कायम ठेवले आहेत. ते पत्र मी तिला दाखवलं नाही.

त्या हंगामात ती घरीच राहिली. पुढच्या वर्षी अर्धा दिवस रोवायला जाऊ लागली. दुपारी बाकीच्या बाया अजून बांधीत होत्या, तेव्हा ती एकटीच घराकडे परतताना मला बसमधून एकदा दिसली. मी हात केला नाही.